इमेइशा, यामेइशा : स्वाहिलीचा भूतकाळ शिकताना

मोंबासातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात काय काय संपलंय हे नुसतं ऐकत उभं राहिलं, तरी स्वाहिलीच्या भूतकाळाचा बराच भाग कानावरून जातो. साखर संपली की दुकानदार म्हणतो ‘इमेइशा’. दूध संपलं की ‘यामेइशा’. पाव संपला की ‘उमेइशा’. बटाटे संपले की ‘विमेइशा’. संध्याकाळी उशिरा गेलात आणि चपात्या उरल्या नसतील, तर ‘झिमेइशा’. मधला ‘मे’ तोच, शेवटचं ‘इशा’ तेच, पहिलं अक्षर मात्र संपलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं खरं तर काही कारण नाही. साखर संपली, दूध संपलं, पाव संपला, बटाटे संपले, हे आपण रोजच म्हणतो. फरक एवढाच की आपला बदल शब्दाच्या शेवटी होतो आणि त्यांचा सुरुवातीला. पण हे साधं साम्य माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला, कारण मी स्वाहिली शिकत होते ती इंग्रजीतून.

मी मोंबासाच्या बंदराजवळ एका चहाच्या गोदामात हिशेबाचं काम बघते. केनियाच्या डोंगराळ भागातला चहा ट्रकांनी इथे उतरतो, लिलावात विकला जातो आणि जहाजांनी बाहेर जातो. ऑफिसात कागदपत्रं इंग्रजीत, पण गोदामात, फाटकावर आणि फोनवर सगळा व्यवहार स्वाहिलीत. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत स्वाहिली राष्ट्रभाषा आहे आणि इंग्रजीबरोबर अधिकृत भाषाही. पण मला ती शिकावी लागली ती ‘ट्रक आला का?’ या प्रश्नाचं उत्तर नीट कळावं म्हणून.

सुरुवातीला हाती आलेल्या इंग्रजी टिपणांत भूतकाळ दोन ओळींत आटोपलेला होता. ‘ली’ म्हणजे साधा भूतकाळ, ‘मे’ म्हणजे पूर्ण झालेली क्रिया. ‘निलिसोमा’ म्हणजे मी वाचलं, ‘निमेसोमा’ म्हणजे मी वाचलं आहे. नि म्हणजे मी, सोमा म्हणजे वाचणं, मध्ये काळ. तू असेल तर उ, तो किंवा ती असेल तर आ, आम्ही असू तर तु. स्त्री-पुरुष भेद नाहीच. पाठ करायला तासभर पुरे. मग मी गोदामात गेले आणि पहिल्याच माणसाने कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, ‘आमेलाला’. कुलाला म्हणजे झोपणं. टिपणाप्रमाणे अर्थ होतो, त्याची झोप पूर्ण झाली. समोर तर तो घोरत होता.

हे कोडं सोडवलं आमच्या बाईंनी. बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माहेर कालोलेनीकडचं, घरची भाषा गिर्यामा. मिजिकेंडा म्हणजे किनारपट्टीच्या मागच्या टेकड्यांवरचे नऊ समाज, गिर्यामा त्यांतला एक. आणि भाषांच्या कुळात मिजिकेंडा बोली स्वाहिलीच्या सख्ख्या शेजारी. त्यामुळे बाई स्वाहिलीकडे थोड्या बाहेरून, नणदेकडे बघावं तशा बघायच्या, प्रेमाने पण चुका दिसत असल्यासारख्या. मी त्यांना म्वालिमु म्हणायचे, त्या मला म्वानांगु, म्हणजे माझं लेकरू. शिकवणी त्यांच्या घराबाहेरच्या कट्ट्यावर.

‘आमेलाला’ मी विचारलं तर बाई म्हणाल्या, तुमच्या भाषेत झोपलेल्या माणसाला काय म्हणतात? मी म्हटलं, ‘झोपलाय.’ आणि तिथेच माझा गुंता सुटला. झोपलाय! यात ‘झोपला’ हा भूतकाळ आहे आणि ‘आहे’ हा वर्तमान. क्रिया घडून गेली, तिचा परिणाम आत्ता समोर आहे. स्वाहिलीचा ‘मे’ नेमकं हेच सांगतो. मग एकापाठोपाठ एक सगळे जागेवर बसले. आमेकाआ, बसलाय. आमेसिमामा, उभा राहिलाय. आमेवाआ कांझू, त्याने पायघोळ कांझू घातलाय. निमेचोका, दमलेय. निमेशिबा, पोट भरलंय. निमेएलेवा, कळलंय. इंग्रजी टिपणात या प्रत्येकाला वेगळा अपवाद, वेगळी तळटीप. मराठीत एकही तळटीप लागत नाही.

तेव्हापासून मी इंग्रजी टिपणं बाजूला ठेवली आणि वहीत एका बाजूला स्वाहिली, दुसऱ्या बाजूला मराठी लिहायला लागले. भाषा शिकवणाऱ्या सगळ्या ॲपवाल्यांना वाटतं की जगात जो कोणी काही शिकतो तो इंग्रजीतूनच विचार करतो. आपल्यालाही तसंच वाटायला लागतं, हे जास्त वाईट.

जुन्या स्वाहिलीत ‘माला’ म्हणजे संपवणं असं क्रियापद होतं आणि हा ‘मे’ त्याच्यातून झिजून आला, असं अभ्यासक मानतात. ‘ली’ हाही असणं या अर्थाच्या जुन्या धातूचा अवशेष. बाईंना या इतिहासात रस नव्हता. त्यांना रस होता ट्रकमध्ये.

ट्रकला स्वाहिलीत लोरी म्हणतात, आणि गाडीला गारी, जो शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलाय. लाखाला लाकी म्हणतात आणि विम्याला बिमा. तेव्हा ‘गारी लिमेफिका’ या वाक्यातलं अर्धं मराठी माणसाला फुकटात मिळतं. लिमेफिका, आलीय. म्हणजे आली आणि फाटकात उभी आहे, माणसं पाठवा. लिलिफिका, आली. म्हणजे कधीतरी आली होती, त्या गोष्टीवर पडदा पडला. आता कदाचित माल उतरवून परतही गेली असेल. फोनवर फाटकावरचा कारकून ‘लिमेफिका’ म्हणाला की मुकादम उठतो, ‘लिलिफिका’ म्हणाला की तो पुढचा प्रश्न विचारतो: कधी? आणि कधी म्हटलं की वेळ आली, आणि वेळ आली की आणखी एक गंमत. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजता, आणि प्रत्यक्षात सकाळचे आठ. काळ अचूक समजून वेळ सहा तासांनी हुकायची सोय आहे.

मराठीची काठी सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. आपण बिनधास्त म्हणतो, ‘ती काल आलीय.’ काल आली, अजून इथेच आहे. बाईंच्या स्वाहिलीत ‘जाना’, म्हणजे काल, आला की ‘ली’ हवाच. जाना, परवाचा जुझी, एखादं साल, असं काळाचं नाव घेतलं की गोष्ट बंद झाली, तिला ‘मे’ लावायचा नाही. बाजारात लोक लावतात, मी रोज ऐकते. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बाजारात लोक भावही वाटेल तो सांगतात.

दुसरी अडचण कर्माची. मराठी क्रियापद भूतकाळात कर्त्याकडे पाठ फिरवतं आणि कर्माशी जुळवून घेतं. मी चहा घेतला, मी कॉफी घेतली, मी सरबत घेतलं. घेणारी मीच, पण क्रियापदाला माझी पर्वा नाही. स्वाहिली कर्त्याला कधी सोडत नाही. चहा असो की कॉफी, ‘निलिकुन्वा’, पहिलं अक्षर ‘नि’ म्हणजे मी. कर्माला जागा द्यायची तर ती वेगळी, धातूच्या अगदी अलीकडे. निलिम्वोना, मी तिला पाहिलं. निलिकिओना, मी ते पाहिलं, म्हणजे किताबूसारखी ‘कि’ गटातली वस्तू. एका शब्दात कोण, केव्हा, कोणाला आणि काय केलं, सगळं, याच क्रमाने. कागदावर हे फार सुंदर दिसतं. कानाला मात्र वेगळी शिस्त लावावी लागते. मराठी ऐकताना आपण शब्दाच्या शेवटाकडे लक्ष ठेवतो, कारण गेला, गेली, गेलं, गेलीय हे सगळं तिथे कळतं. स्वाहिलीत आघात शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, त्यामुळे धातू ठणठणीत ऐकू येतो, आणि ज्याने अर्थ ठरतो ती सुरुवातीची अक्षरं हलकेच निसटतात. मोंबासात ती आणखीच निसटतात. पुस्तकातलं ‘उमेशाफिका?’, म्हणजे पोचलीससुद्धा?, इथे ‘उशाफिका?’ होतं. ‘निमेशाकुला’, माझं जेवून झालंय, याचं ‘निशाकुला’. हा ‘शा’ आपल्या ‘जेवून झालंय’मधल्या ‘झालंय’चं काम करतो, आणि दुपारी बारा ते दोनमध्ये कोणाच्याही घरी गेलात तर हाच शब्द सगळ्यात जास्त लागतो. त्याचा उपयोग होतोच असं नाही. ताटात नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे आणि महाम्री, म्हणजे गोडसर तळलेले पाव, येऊन पडतातच.

नकाराने मला सगळ्यात जास्त दिवस गुंतवून ठेवलं, आणि माझ्या मते स्वाहिली भूतकाळाची खरी गोडी तिथेच आहे. होकारात दोन रूपं, तशी नकारातही दोन. पण ती होकारावर नाही चिकटवून तयार होत नाहीत, चिन्हच बदलतं. निलिसोमा, मी वाचलं. सिकुसोमा, मी वाचलं नाही. ‘ली’ गेला, ‘कु’ आला. निमेसोमा, वाचलंय; सिजासोमा, अजून वाचलेलं नाही. ‘मे’ गेला, ‘जा’ आला. त्या ‘जा’मध्ये ‘अजून’ आपसूक आहे. लोरी हालिकुफिका, ट्रक आला नाही, विषय संपला. लोरी हालिजाफिका, अजून आला नाही, वाट बघतोय. गोदामात या दोन रूपांवर माणसं थांबवायची की घरी सोडायची ते ठरतं.

वर्गातही हेच. एखादा नियम डोक्यावरून गेला की मी ‘सिकुएलेवा’ म्हणायचे, समजलं नाही. बाई दुरुस्त करायच्या, ‘सिजाएलेवा’. अजून समजलं नाही. शिक्षिकेसमोर बसून ‘कु’ वापरणं त्यांना अपमानास्पद वाटायचं, जणू मी पुस्तक मिटून निघाले.

या ‘जा’चा धाकटा भाऊ म्हणजे ‘बादो’, अजून. इथे बायका पहिल्या भेटीत विचारतात, ‘उमेओलेवा?’ लग्न झालंय? पुरुषाला ‘उमेओआ?’, तू लग्न केलंयस?; बाईला कर्मणी रूप, म्हणजे तुझ्याशी कोणी केलंय का. स्त्री-पुरुष भेद नसलेल्या व्याकरणात तो इथे असा मागच्या दाराने येतो. उत्तर ‘हापाना’, म्हणजे नाही, असं देता येतं, पण ते ऐकून समोरची बाई गप्प होते, कारण तुम्ही दारच लावून घेतलंत. रीतसर उत्तर ‘बादो’. वय पंचविशीचं असो की पासष्टीचं, बादो. मुलं आहेत का, बादो. आमच्या पुण्याच्या आत्यांना हा शब्द फार आधी मिळायला हवा होता.

आखूड धातूंचा नियम मात्र मी कंटाळून पाठ करायला घेतला आणि तो निघाला सगळ्यात देखणा. कुला म्हणजे खाणं, कुजा म्हणजे येणं; यांचे धातू एकाच अक्षराचे, ‘ला’ आणि ‘जा’. ‘मी खाल्लं’ याचं नियमाप्रमाणे ‘निलिला’ व्हायला हवं, पण होतं ‘निलिकुला’. मधला ‘कु’ राहतो. ‘मी खाल्लं नाही’ मात्र ‘सिकुला’, आणि ‘अजून खाल्लं नाही’ ‘सिजाला’. तिथे जास्तीचा ‘कु’ नाही. टिपणात याला अपवादांची यादी होती. बाईंनी कट्ट्यावर बोटांनी ताल धरून दाखवला. आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडायलाच हवा. ‘ली’ आणि ‘मे’ आघात झेलू शकत नाहीत, म्हणून त्यांना खांद्याला एक ‘कु’ लागतो. नकाराचा ‘कु’ आणि ‘जा’ झेलू शकतात, म्हणून त्यांना मदत लागत नाही. अपवाद एकही नाही, सगळा हिशेब तालाचा. याच हिशेबाने ‘तो अजून आला नाही’ याचं ‘हाजाजा’ होतं, आणि ते ऐकून वर्गात कोणीही हसत नाही, मी सोडून.

मग आला ‘का’. गोष्ट सांगताना पहिल्या क्रियापदाला ‘ली’ लावून काळ ठरवायचा आणि पुढच्या सगळ्यांना ‘का’. निलिक्वेंडा सोकोनी, निकानुनुआ सामाकी, निकारुदी, निकापिका, निकाला. बाजारात गेले, मासे घेतले, परत आले, रांधले, खाल्ले. आपण बाजारात जाऊन, मासे घेऊन, घरी येऊन असं ‘ऊन’ लावत जातो आणि शेवटच्या क्रियापदाला काळ देतो. त्यांची गाडी उलटी, काळ इंजिनाला, डबे मागे. बाई दर शिकवणीला आदला दिवस सांगायला लावायच्या, उठल्यापासून झोपेपर्यंत, एक ‘ली’ आणि बाकी ‘का’. नंतर तोच दिवस नकारात: काय केलं नाही आणि काय करायचं राहिलंय. दुसरी यादी नेहमी लांब व्हायची.

या ‘का’साठी पूर्व आफ्रिकेत एक तयार वाक्य आहे, कोणीही ऐकवेल: किस्वाहिली किलिझालिवा झंझिबार, किकाकुआ तान्झानिया, किकाउगुआ केन्या, किकाफा उगांडा, किकाझिक्वा काँगो. स्वाहिली झांजिबारात जन्मली, टांझानियात वाढली, केनियात आजारी पडली, युगांडात मेली आणि काँगोत पुरली गेली. एक ‘ली’, चार ‘का’, आणि तीन देशांचा अपमान. मोंबासाच्या लोकांना यातलं केनियाचं वाक्य नैरोबीला उद्देशून आहे असं वाटतं. थोडं खरंही आहे. नैरोबीचा ड्रायव्हर ‘लोरी इमेफिका’ म्हणतो, सगळ्या वस्तूंना एकच ‘इ’ लावून मोकळा होतो. झांजिबारचा आमचा ग्राहक तेच फोनवर ऐकतो आणि सुस्कारा टाकतो. १९२८ मध्ये याच मोंबासात भरलेल्या परिषदेत प्रमाण स्वाहिलीसाठी मोंबासाची किम्विता सोडून झांजिबारची किउंगुजा निवडली गेली, हे मोंबासाकर अजून विसरलेले नाहीत. वसाहतीच्या काळातला निर्णय, पण इथे तो ‘ली’मध्ये नाही, ‘मे’मध्ये सांगतात.

एकदा बाईंनी शिकवणी फोर्ट जीझसवर ठेवली. किल्ल्याचा इतिहास मी सांगायचा, त्यांनी ऐकायचं. पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये किल्ला बांधायला घेतला, १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी वेढा घातला, गोव्याहून मदत घेऊन जहाजं आली, तरी १६९८ च्या डिसेंबरात किल्ला पडला. वारेनो वालिजेंगा, पोर्तुगीजांनी बांधला. वाओमानी वाकाइझिंगिरा, ओमान्यांनी त्याला वेढलं. वाकाइतेका, आणि जिंकून घेतला. वाकाइझिंगिरामधला तो ‘इ’ म्हणजे ‘न्गोमे’, किल्ला. बाई किल्ल्याच्या भिंतीवर हात ठेवून प्रत्येक ‘का’ला मान डोलवत होत्या. मोंबासाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच दुरुस्ती केली. ‘ली’ वापर, म्हणाल्या, ते नक्की संपलंय.

मुलांच्या गोष्टींतही हाच ‘का’ दारात उभा असतो. सांगणारा म्हणतो ‘पाउक्वा!’, ऐकणारी पोरं ओरडतात ‘पाकावा!’, आणि मग ससा तरसाला कसं फसवतो ते सुरू होतं. त्या ‘पाकावा’त ‘पा’ म्हणजे तिथे, ‘वा’ म्हणजे असणं, आणि मध्ये आपला ‘का’. बाईंच्या नातवंडांबरोबर ओरडून ओरडून मला तो पक्का झाला.

होतं-होती-होतो हे प्रकरण मराठीमुळे जवळजवळ फुकट सुटलं. निलिकुवा निकिसोमा, मी वाचत होते. निलिकुवा निमेसोमा, मी वाचलं होतं. दोन्ही क्रियापदांवर ‘नि’ बसतो, आणि ऑफिसातल्या इंग्रजाळलेल्या सहकाऱ्याला हे दुहेरी ‘मी मी’ विचित्र वाटलं. मला नाही. आपणही ‘गेले होते’, ‘गेलो होतो’ म्हणताना दोन्हीकडे खूण लावतोच. गिकुयू बोलणारी आमची कॅशियर मात्र म्हणते की तुमचा सगळा भूतकाळ फारच सोपा आहे. तिच्या भाषेत नुकतंच घडलेलं, काल घडलेलं आणि फार पूर्वी घडलेलं, यांना वेगवेगळी रूपं आहेत. मी तो विषय पुढे वाढवला नाही.

सध्या गाडी दोन ठिकाणी अडते आहे. एक, काल आलेला ट्रक. लोरी लिलिलोफिका जाना. ‘लिलिलो’ हे जिभेवर बसायला वेळ लागतो, पण अर्थाला ‘आलेला’ अगदी चपखल. काल न आलेल्या ट्रकसाठी मात्र हा रस्ता बंद आहे, तिथे ‘आंबालो’ आणून लांबून वळसा घ्यावा लागतो: लोरी आंबालो हालिकुफिका जाना. दुसरी जागा जर-तरची. तिथे पुन्हा मराठी मदतीला आली. उन्गालिकुजा, उन्गालिम्वोना. आली असतीस, तर ती भेटली असती. दोन्ही वाक्यांशांत एकच रूप, त्यांचं ‘न्गाली’ आणि आपलं ‘असती’. बाईंनी यावर गृहपाठ दिलाय. गेल्या महिन्याची गोदामाची नोंदवही समोर घ्यायची, उशिरा आलेला एकेक ट्रक पकडायचा आणि लिहायचं: लोरी लिन्गालिफिका जाना, तुन्गालिपाकिआ चाय जाना. ट्रक काल आला असता, तर चहा कालच भरला असता. पाऊस मोठा झाला होता, रस्ते खराब होते, त्यामुळे वाक्यांना तोटा नाही.